ट्रॅकवर नेणाऱ्या मियाटाचं अलाइनमेंट: आधी पुढचा कॅम्बर, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणाऱ्या एका वाचकाकडे २००१ ची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे दुसऱ्या पिढीची, एनबी मियाटा. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवून गाडी खाली घेतली आहे, टायर २०५/५०आर१५ मापाचे, २०० ट्रेडवेअरचे (हा झिजण्याचा आकडा, कमी म्हणजे रबर मऊ आणि चिकट). वर्षातून काही वेळा लगुना सेका आणि थंडरहिल या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे (स्वतःची गाडी ट्रॅकवर वेगात चालवायचा दिवस) असतो आणि गाडी तिथवर चालवतच नेतात. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत झाली, आतलं रबर अजून नव्यासारखं आहे, आणि वळणाच्या मध्यावर गाडीचं नाक बाहेर पळतं. दुकानातून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून आणलं तर छापील कागदावर सगळे आकडे हिरवे. मग चुकतंय कुठे, आणि दुकानदाराला नक्की काय सांगायचं?

कागद खोटा नाही. हिरवा रंग एवढंच सांगतो की आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहेत. त्या मर्यादा मूळ उंचीच्या, साध्या टायरच्या, ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी आहेत. ट्रॅकवर चिकट टायर घालून गाडी वळणात टाकली की बॉडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरच्या चाकाचा माथाही तिच्याबरोबर बाहेर झुकतो. मियाटाच्या चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं. सस्पेन्शन दबताना चाक थोडं आत झुकतं, पण कलण्याची पूर्ण भरपाई त्यातून होत नाही. उरलेला फरक टायरची बाहेरची कड सोसते. लगुना सेका आणि थंडरहिल दोन्ही घड्याळाच्या उलट दिशेने धावायचे ट्रॅक. डावी वळणं जास्त, त्यामुळे वजन उजवीकडे पडतं आणि पुढचा उजवा टायर सगळ्यात आधी मरतो. तुमच्या टायरची झीज नेमकी हेच सांगते आहे.

म्हणून पहिला निर्णय पुढच्या कॅम्बरचा, म्हणजे समोरून पाहताना चाक किती आत किंवा बाहेर झुकलंय त्या कोनाचा. माथा आत झुकला की कॅम्बर उणे. तो किती मिळतो यावर बाकीचे सगळे आकडे ठरतात. मागचा कॅम्बर आधी ठरवून पुढे मिळेल ते घ्यायचं, ही उलटी पद्धत बऱ्याच दुकानांत चालते. तिने मागची पकड पुढच्यापेक्षा वरचढ होते आणि नाक बाहेर पळण्याची तक्रार कायम राहते.

या टायरवर आणि या वापरासाठी मी हे आकडे धरेन. पुढे कॅम्बर उणे २.८ ते उणे ३.० अंश, दोन्ही बाजूंना सारखा. कॅस्टर (बाजूने पाहताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती झुकलाय तो कोन) ४.५ ते ५.५ अंशांच्या दरम्यान जेवढा मिळेल तेवढा, डाव्या-उजव्यात ०.३ पेक्षा जास्त फरक नको. पुढचा टो (वरून पाहताना चाकांचा पुढचा भाग आत किंवा बाहेर किती वळलाय तो कोन) शून्य. मागे कॅम्बर उणे २.३ ते उणे २.५, आणि टो आत, दोन्ही चाकांचा मिळून ०.१५ ते ०.२ अंश. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ढकलतात ती दिशा आणि गाडीची मधली रेषा यांच्यातला कोन) शून्याला जितका चिकटेल तितका चांगला. ट्रॅक एकाच दिशेचे आहेत म्हणून उजव्या चाकाला जास्त कॅम्बर देण्याचा मोह टाळा. तीच गाडी हायवेवरही चालवायची असेल तर ती एका बाजूला ओढत राहील.

आता अडचण. खाली घेतलेल्या एनबीला मूळ पार्ट्सवर पुढे साधारण उणे २ ते उणे २.५ मिळतो, मूळ उंचीच्या गाडीला त्याहून बराच कमी. उणे ३ हवा असेल तर खालचे लांब बॉल जॉइंट किंवा ऑफसेट बुश (आर्मच्या सांध्यातले, मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे तुकडे) बसवावे लागतात. माझं मत बॉल जॉइंटच्या बाजूने आहे, कारण मग कॅम बोल्टचा (कोन जुळवायला फिरवायच्या बोल्टचा) पल्ला कॅस्टरसाठी मोकळा राहतो. गाडी आणखी खाली दाबून कॅम्बर मिळवायचा मार्ग मात्र घेऊ नका. पिंच वेल्डपासून (दाराखालच्या पत्र्याच्या जोडकडेपासून) जमिनीपर्यंत पुढे १२० मिमी आणि मागे १२५ ते १३० मिमी ही चांगली उंची आहे. त्याखाली गेलात की सस्पेन्शनला दबायला जागा उरत नाही, गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या अडसरावर) बसते आणि भर वळणात पकड एकदम सुटते.

पार्ट्स बदलायचे नसतील तर पुढे जास्तीत जास्त मिळेल तेवढा कॅम्बर घ्या आणि मागचा त्याहून ०.३ ते ०.५ ने कमी ठेवा. म्हणजे पुढे उणे २.२ मिळाला तर मागे उणे १.८. मागे उणे २.५ सहज मिळतो म्हणून तो घ्यायचा नाही.

हे होतं कसं तेही समजून घ्या, म्हणजे दुकानात कोण काय फिरवतंय ते कळेल. प्रत्येक चाकाच्या खालच्या आर्मला आतल्या टोकाशी दोन कॅम बोल्ट असतात, चारही चाकांचे मिळून आठ. पुढे दोन्ही कॅम सारखे फिरवले तर कॅम्बर बदलतो, एकमेकांच्या उलट फिरवले तर कॅस्टर. टो वेगळा, टाय रॉडवरून (स्टिअरिंग रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्यावरून). मागे टाय रॉड नाही, तिथे तेच दोन कॅम कॅम्बर आणि टो दोन्ही ठरवतात. मागचा कॅम्बर बदलला आणि टो पुन्हा पाहिला नाही, असं काम अर्धवट समजायचं. पुढे दोन कॅमना कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही सांभाळायचे असल्यामुळे एक पूर्ण घेतला की दुसरा कमी मिळतो. अशा वेळी कॅम्बर आधी. कॅस्टर ५.५ ऐवजी ४.५ आला तर स्टिअरिंग थोडं हलकं होतं, वळवलेल्या चाकाला मिळणारा जादा कॅम्बर थोडा घटतो, बस.

टोबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ट्रॅकची गाडी म्हणजे पुढे टो बाहेर, असं सर्रास सांगितलं जातं. टो बाहेर ठेवला की गाडी वळणात झटकन शिरते, हे खरं. पण २००-२५० किलोमीटर हायवेवर चालवत नेल्यावर त्याची किंमत टायर मोजतो. हिशोब करून पाहा: प्रत्येक चाकाला ०.२ अंश टो असेल तर टायर दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवा घासला जातो. त्यात उणे ३ कॅम्बर असेल तर ती सगळी घासणी आतल्या कडेवर येते. हायवेवर आतली कड खाल्ली की लोक कॅम्बरला दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो. टो शून्य असेल तर उणे २.५-३ कॅम्बरसुद्धा टायर बऱ्यापैकी सांभाळतो. मागे टो चुकूनही बाहेर जाऊ देऊ नका. वेगात असताना ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक बाहेरच्या दिशेने वळू पाहतं आणि छोट्या व्हीलबेसची ही गाडी सावरायला वेळ देत नाही.

दुकानात जाण्याआधीचं काम निम्मं यश आहे. जॅकवर घेऊन प्रत्येक चाक आधी वर-खाली, मग आडवं धरून हलवा. वर-खाली धरून हलवताना खेळ (ढिलेपणा) लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हलवताना लागला तर टाय रॉड एंड किंवा बेअरिंग. खेळ असलेल्या गाडीचं अलाइनमेंट मशीनवर अगदी बरोबर दिसतं आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला बदलतं. मग कॅम बोल्ट. वीस-पंचवीस वर्षांच्या मियाटात ते बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेले असतात. नट सैल होतो, पण बोल्ट फिरवला की रबरच पिळवटतं आणि पाना सोडला की परत मूळ जागी येतं. अनोळखी दुकानात अशी गाडी नेली तर एक तर ‘होत नाही’ म्हणून परत पाठवतात, नाही तर जोर लावून बोल्ट तोडतात. आठवडाभर आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, नट सैल करून बोल्ट दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवून पाहा. नाहीच हलला तर आर्मच्या दोन्ही बाजूंनी कापून काढणं आणि नवा कॅम बोल्ट, नवा बुश बसवणं हाच मार्ग. नवे बसवताना बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ लावा, पुढच्या वेळचा त्रास वाचेल.

उंची आणि कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावर पडणारं वजन) आधी, अलाइनमेंट नंतर. उलट केलंत तर पैसे वाया, कारण कॉइलओव्हरचा पर्च (स्प्रिंग टेकते ती कडी) थोडा फिरवला तरी कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात. कॉर्नर वेट घेताना अँटी-रोल बारची (गाडी कलणं रोखणाऱ्या दांड्याची) एका बाजूची लिंक सोडलेली असावी. शेवटी लिंक परत लावताना ती ताण न पडता भोकात बसली पाहिजे, म्हणून तिची लांबी जुळवून घ्यायची. टाकी अर्धी, टायरमध्ये ट्रॅकवरची हवा, आणि डाव्या सीटवर तुमच्या वजनाची वाळूची पोती. दुकानदार पोती पाहून हसला तरी काढू नका. ट्रंकमधलं सामान आणि स्टेपनी ट्रॅकवर काढत असाल तर इथेही काढा.

दुकान निवडताना दोन प्रश्न पुरेसे आहेत: मागचे कॅम तुम्ही स्वतः फिरवता का, आणि गाडी जॅकवरून उतरवल्यावर पुन्हा मोजता का? फक्त पुढचा टो जुळवून बिल लावणारी दुकानं पहिल्याच प्रश्नाला उघडी पडतात. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. गाडी जॅकवरून खाली आली की टायर आत ओढलेल्या अवस्थेत जमिनीला चिकटतात आणि गाडी थोडी उंच उभी राहते. तेव्हा मोजलेला कॅम्बर खोटा असतो. गाडी दोन-तीन मीटर मागे-पुढे ढकलून, बंपर दाबून बसवल्यावरच खरा आकडा येतो. टर्न प्लेटच्या (चाकांखालच्या फिरत्या ताटल्यांच्या) पिना काढल्या आहेत का तेही बघा. पिना विसरल्या तर चाकं मोकळी सरकत नाहीत.

तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. प्रत्येक आकडा, त्याला चालेल तेवढी सूट, आणि अडचण आली तर कशाला प्राधान्य द्यायचं ते. उदाहरणार्थ: ‘पुढचा कॅम्बर दोन्हीकडे सारखा, ०.१ च्या आत. एका बाजूला कमी मिळत असेल तर दुसरी बाजू तेवढ्यावर आणा. कॅस्टर उरेल तो. स्क्रीन लाल झाली तरी चालेल.’ शेवटचं वाक्य जरूर लिहा. लाल आकडा पाहून मेकॅनिकचा हात आपोआप हिरव्याकडे जातो.

एकक तपासा. काही मशीन दशांश अंश दाखवतात, काही अंश आणि मिनिटं. ०°१०' म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. कॅम्बरमध्ये हा घोटाळा खपून जाईल, टोमध्ये जवळपास दुप्पट फरक पडतो. तसंच टो एका चाकाचा लिहिलाय की दोघांचा मिळून, हे शब्दांत लिहा. मिलिमीटरमध्ये सांगितलं तर कुठे मोजलेले मिलिमीटर तेही सांगावं लागतं. तुमच्या टायरच्या व्यासावर, म्हणजे साधारण ५८६ मिमीवर, ०.१ अंशाला १ मिमी पडतो. रिमच्या कडेवर तोच कोन ०.७ मिमी भरतो.

आकडे पुढून ठरवले तरी फिरवायचा क्रम नेहमी मागून पुढे. आधी मागचा कॅम्बर आणि टो, कारण मागची दोन चाकं गाडीची सरळ दिशा ठरवतात आणि पुढची त्या दिशेला जुळवायची असतात. मग पुढचा कॅम्बर-कॅस्टर, मग स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्प लावायचा आणि शेवटी पुढचा टो. टाय रॉड फिरवताना स्टिअरिंग रॅकच्या रबरी बूटचा क्लिप आधी सैल करायला सांगा. नाही केला तर बूट पिळवटतो, काही महिन्यांत फाटतो, आणि रॅकमध्ये धूळ जाते. बुश मूळ रबरी असतील तर कॅम बोल्टचा शेवटचा टॉर्क गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच द्यायचा, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि गाडीची उंचीही बदलते. सगळं झाल्यावर प्रत्येक कॅमवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पेंटची एक बारीक रेघ ओढा. ट्रॅकच्या कर्बवरून चाक आपटलं की कॅम सरकू शकतो. रेघ तुटलेली दिसली की मशीनशिवाय कळतं.

घरी करायची तयारी असेल तर दोऱ्याची पद्धत आजही उत्तम आहे, आणि टो तपासण्यापुरती तरी प्रत्येकाने शिकावी. जमीन सपाट हवी. डाव्या-उजव्या चाकाखाली ५ मिमीचा फरक असेल तर कॅम्बर ०.२ अंशाने चुकतो. म्हणून पाण्याची नळी किंवा लेझर लेव्हल लावून कमी पडेल तिथे विनाइल टाइलचे तुकडे भरा. चाकाखाली दोन टाइल आणि मध्ये ग्रीस, म्हणजे चाक मोकळं सरकतं. गाडीलाच आडव्या दांड्या बांधून दोन्ही बाजूंनी दोरे ताणा, उंची चाकाच्या मध्याची. दोरा गाडीला समांतर करताना एक गोष्ट विसरली जाते: एनबीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा सुमारे २५ मिमी जास्त आहे, म्हणजे चारही रिम सारखे असतील तर मागच्या हबपासून दोऱ्याचं अंतर पुढच्यापेक्षा १२ मिमीने कमी यायला हवं. सारखं ठेवलंत तर चारही टो चुकीचे येतील. मग रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून स्टीलच्या पट्टीने मोजा. रिमची बाहेरची कड ४०० मिमीच्या आसपास असते, त्यामुळे १ मिमीचा फरक म्हणजे ०.१४ अंश. अर्धा मिलिमीटर डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. कॅम्बरला डिजिटल अँगल गेज पुरतं. ते आधी जमिनीवर आडवं ठेवून शून्य करायचं आणि मग रिमच्या दोन कडांना टेकलेल्या सरळ पट्टीवर लावायचं. कॅस्टर काढायचा असेल तर चाक २० अंश एका बाजूला, मग २० अंश दुसऱ्या बाजूला वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर घ्या. दोन्हींतल्या फरकाला १.५ ने गुणलं की कॅस्टर.

एवढं करूनही आकडे बरोबर आहेत की नाही हे टायरच सांगतो. त्यासाठी सुई खुपसायचं पायरोमीटर (रबराचं तापमान मोजायचं उपकरण) घ्या. इन्फ्रारेडची पिस्तुलं फक्त पृष्ठभाग वाचतात आणि तो पिटलेनमध्ये येईपर्यंत थंड होतो. वेगातला लॅप संपवून थेट आत या, कूल-डाउन लॅप नको. पुढच्या उजव्या टायरपासून सुरुवात, रबरात तीन-एक मिलिमीटर सुई, आत-मध्य-बाहेर याच क्रमाने. समजा आत ७२, मध्ये ७६, बाहेर ८८ अंश सेल्सिअस आलं, तर कॅम्बर कमी आहे, याहून सरळ पुरावा नाही. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंशांनी गरम आली की थांबायचं. फरक १५ च्या पुढे गेला तर कॅम्बर जास्त झाला. तेव्हा ब्रेक लावताना टायरचा आतलाच पट्टा जमिनीला असतो आणि गाडी थांबायला जास्त जागा घेते. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, थंड असेल तर कमी. मियाटासारख्या हलक्या गाडीला गरम टायरमध्ये ३० ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. हवा जुळवल्याशिवाय कॅम्बरबद्दल निर्णय घेऊ नका, कारण हवा कमी असली तरी बाहेरची कड अशीच खाल्ली जाते.

पायरोमीटर नसेल तर तळहात आहे. टायर थंड झाल्यावर ट्रेडवरून हात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. कड नुसतीच झिजलेली आणि हाताला सारखी लागत असेल तर कॅम्बर किंवा हवा. सध्याचा तुमचा टायर एकाच दिशेने फिरवायचा (डिरेक्शनल) नसेल तर पुढचे दोन डावे-उजवे बदला. उजवा मरतोय तोवर डाव्यात अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे.

महाराष्ट्रातून चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला गाड्या नेणारेही हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाक धरणारा शॉक-स्प्रिंगचा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच बीम) असलेल्या गाडीला मियाटाचे आकडे जसेच्या तसे लावू नका. स्ट्रट दबताना कॅम्बर फारसा वाढत नाही, त्यामुळे पुढे कॅम्बरची गरज उलट जास्त असते, आणि मिळतो मात्र कमी. स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट असतील तर त्यातला एक कॅम्बर बोल्टने बदलून एक-दीड अंश मिळतो. त्याहून जास्त हवा तर कॅम्बर प्लेट, म्हणजे स्ट्रटचा माथा आत सरकवता येणारी प्लेट. कॅम्बर बदलला की टो लगेच पुन्हा जुळवायचा, स्ट्रटच्या गाडीत तो बराच सरकतो. मागच्या बीमला बोल्टने बसवलेला स्टब ॲक्सल असेल तर मध्ये पाचरीसारखी शिम घालून टो आणि कॅम्बर दोन्ही थोडे हलवता येतात. ते न करता सरळ ‘मागचं ॲडजस्ट होत नाही’ म्हणणारा दुकानदार भेटला, तर त्याच्याकडून निदान मागचे आकडे छापून घ्या. पुढचं स्टिअरिंग वाकडं का बसतंय याचं उत्तर पुष्कळदा मागच्या थ्रस्ट अँगलमध्ये सापडतं.

तुमच्या गाडीबद्दल शेवटचं: कॅम बोल्टचा टॉर्क पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर आणि पहिल्या ट्रॅक डेनंतर पुन्हा तपासा. चाकांचे नट दर सेशनआधी, टायर थंड असताना, ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान. आधी आणि नंतरचे दोन्ही छापील कागद तारखेसह गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, त्यावर पिंच वेल्डची चारही उंची हाताने लिहून. पुढच्या वेळी आकडे बदललेले दिसले तर उंची सरकली की कॅम, हे त्या चार आकड्यांवरूनच कळेल.